रुग्णाला सत्य सांगावे का?

आमचे बाबूजी पन्नास वर्षे भुसार मालाच्या अडतीच्या पेढीवर बसले. मालाचे माप झाले की हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडलीच पाहिजे आणि रोजमेळाची शिल्लक जुळल्याशिवाय पेढीला कुलूप लागता कामा नये, हे त्यांचे दोन नियम होते. सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवण उरकत आणि शिल्लक जुळली नसेल तर पुन्हा पेढीवर जाऊन दिवाणजींबरोबर बसत. चार आण्यांचा फरक असो की चारशे रुपयांचा, त्यांच्या लेखी दोन्ही सारखेच. अशा माणसापासून आम्ही, त्यांच्याच मुलांनी, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा हिशेब चार महिने लपवून ठेवला.

या घटनेला आता पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. घरातील गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याची आपली रीत नाही. तरीही ती येथे सांगत आहे, कारण अशी गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडली असेल, आणि ज्यांच्या घरी अद्याप घडली नसेल त्यांना ती टाळता येण्यासारखी आहे.

व्हरांड्यातील तीन मिनिटे

बाबूजींची भूक मंदावली, वजन घटू लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पुण्याला जाण्याचा सल्ला दिला. तेथील तपासण्यांत निदान झाले : जठराचा कर्करोग, यकृतापर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी थोरल्या भावाला आणि मला व्हरांड्यात बोलावून घेतले. आजाराची कल्पना दिली आणि विचारले, “रुग्णाला कितपत सांगायचे?”

दादा लगेच म्हणाले, “त्यांना काही कळू देऊ नका, डॉक्टरसाहेब. ते खचून जातील.”

डॉक्टरांनी मान डोलावली, केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. सगळा संवाद तीन मिनिटांत आटोपला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारले, आम्ही सांगितले, त्यांनी ऐकले. आज मनाला लागते ते एवढेच, की बाबूजींना काय हवे आहे हा प्रश्न त्या तीन मिनिटांत कोणाच्याच मनात आला नाही. ते दहा पावलांवर, शुद्धीवर होते आणि त्यांची स्मरणशक्ती आम्हा दोघांहून चांगली होती.

बाबूजींना आम्ही ‘पोटात अल्सर आहे’ असे सांगितले. मग तेच सर्व नातेवाइकांना सांगावे लागले, कारण एका घरी खरे आणि दुसऱ्या घरी खोटे असे चालत नाही. आईला आम्ही ‘बाई’ म्हणत असू. तिलाही पहिले दोन महिने अल्सरच सांगितला होता.

त्याच काळात पर्युषण आले. संवत्सरीच्या आदल्या दिवशी बाबूजी म्हणाले, “यंदा धाकट्याच्या घरी जाऊन खमतखामणा करून येतो.” धाकटे म्हणजे आमचे काकाजी. पेढीच्या वाटणीच्या वेळी दोघा भावांत वितुष्ट आले होते आणि अठरा वर्षे एकमेकांशी बोलणे नव्हते. बाबूजींची प्रकृती पाहता तीस मैलांचा प्रवास नको, असे आम्हांला वाटले. आम्ही म्हणालो, “आधी बरे व्हा, मग आपण सगळेच जाऊ. घाई कशाची आहे?”

घाई कशाची आहे, हे फक्त आम्हांला ठाऊक होते.

पुढे प्रकृती ढासळली. शेवटचे नऊ दिवस अतिदक्षता विभागात गेले. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, एका वेळी एकच माणूस. बाबूजी गेले तेव्हा घरचे कोणीही जवळ नव्हते.

उठावण्याला काकाजी आले. सगळे उठून गेल्यावरही ते भिंतीला टेकून बसून राहिले. मग दादांना म्हणाले, “तुम्ही मला अल्सर कळवला होता. अल्सरने माणूस जात नाही म्हणून मी आलो नाही. खरे कळवले असते तर चालत आलो असतो रे.” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

आठ दिवसांनी दिवाणजींनी एक कागद आणून दिला. दोन महिन्यांपूर्वी बाबूजींनी तो त्यांच्याकडून लिहवून घेतला होता. शब्दावर दिलेल्या आणि घेतलेल्या रकमा, कोणाचे देणे फेडायचे, कोणाचे येणे सोडून द्यायचे, असा सारा तपशील त्यात होता. शेवटी काकाजींचे नाव होते आणि त्यापुढे काहीच लिहिलेले नव्हते. “त्यांना सगळे ठाऊक होते,” दिवाणजी म्हणाले. “मला म्हणाले, मुलांना वाटते मला कळलेले नाही. त्यात त्यांना बरे वाटते, तर वाटू द्या.”

आम्ही त्यांना जपण्यासाठी खोटे बोलत होतो आणि ते आम्हांला जपण्यासाठी ते खोटे ऐकून घेत होते. एका छपराखाली चार महिने राहून कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलले नाही.

लपविण्याची परंपरा

त्यानंतर या विषयावरील जे हाती येईल ते मी वाचत गेलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आमची चूक आमच्या एकट्याची नव्हती. तिला दोन हजार वर्षांहून जुनी परंपरा आहे.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसमूहात वैद्याच्या वर्तनाविषयी एक प्रकरण आहे. उपचार करताना रुग्णापासून बहुतेक गोष्टी झाकून ठेवाव्यात आणि त्याच्या पुढील अवस्थेविषयी काही उघड करू नये, असा उपदेश त्यात आढळतो. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला द्यावयाच्या प्रतिज्ञेत असे सांगितले आहे, की रुग्णाचे आयुष्य थोडे उरले आहे हे ठाऊक असले तरी, जेथे ते सांगितल्याने रुग्णाला किंवा इतर कोणाला आघात पोहोचेल तेथे ते सांगू नये. येथे ‘जेथे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चरकाने सरसकट मौन सांगितलेले नाही. आघात कोठे होईल याचा विचार वैद्याने करावा, अशी त्याची अपेक्षा दिसते, आणि तो विचार करायचा तर रुग्णाला ओळखले पाहिजे.

इंग्लंडमधील थॉमस पर्सिव्हल यांनी १८०३ साली वैद्यकीय नीतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉक्टरने रुग्णासमोर निराशेची भाकिते करू नयेत, धोक्याची सूचना आप्तांना द्यावी, असा त्यांचा विचार होता. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १८४७ साली आपली पहिली नीतिसंहिता केली तेव्हा हा विचार जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

ही परंपरा किती पक्की होती, हे १९६१ साली दिसून आले. डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतील एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले, की कर्करोगाच्या रुग्णाला तुम्ही निदान सांगता का? न सांगणेच बरे, असे मत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी नोंदविले. पुढे १९७७ साली हीच प्रश्नावली रॉचेस्टर येथील विद्यापीठ-रुग्णालयाच्या डॉक्टरांपुढे ठेवली गेली. तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९७ टक्के डॉक्टर म्हणाले, की आम्ही सांगणे पसंत करतो.

सोळा वर्षांत एवढी उलथापालथ कशी झाली? उपचार सुधारले आणि कर्करोग म्हणजे तत्काळ मृत्यू ही समजूत सैल झाली, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. महायुद्धातील नाझी डॉक्टरांच्या अमानुष प्रयोगांवरील खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता पुढे आली आणि माणसाच्या शरीरावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व जगापुढे मांडले गेले. हळूहळू ते उपचारांनाही लागू झाले. ज्याला आजारच ठाऊक नाही, तो संमती कशाला देणार? तिसरे कारण म्हणजे मरणासन्न रुग्णांचे स्वतःचे शब्द. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ शिकागोच्या रुग्णालयात अशा रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे बोलते करीत. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक रुग्णांना आपली अवस्था कोणी न सांगताही उमगलेली असते, आणि त्यांना सलते ते हे, की त्याविषयी बोलायला कोणी तयार नसते, असा या संवादांचा निष्कर्ष होता. तो वाचताना मला दिवाणजींचा कागद आठवला.

आपला कायदा आणि आपले घर

भारतात डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम २००२ साली अधिसूचित झाले. रुग्णाच्या अवस्थेचे गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, तसेच रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती रुग्णाला, त्याच्या नातलगांना किंवा जबाबदार मित्रांना असेल याची खात्री करावी, असे त्यांत म्हटले आहे. या नियमात रुग्ण आणि नातलग एकाच रांगेत बसले आहेत. व्यवहारात मात्र नातलग पुढे सरकतात आणि रुग्ण मागे राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निर्णयात ही रांग नीट लावून दिली. एक सज्ञान महिला भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना आणि तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना, दुसऱ्या कोणाची संमती, मग ती आईची का असेना, चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

आपल्या घरांत हे ऐकायला कठोर वाटेल. उपचाराचा खर्च कुटुंब उचलते, रात्रीची जागरणे कुटुंब करते, मग निर्णय कुटुंबाचा का नसावा? या प्रश्नात तथ्य आहे. आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही, त्याच्याबरोबर सारे घर आजारी पडते. म्हणून कुटुंबाने बाहेर थांबावे असे कोणीच म्हणत नाही. परंतु एखाद्या पेढीत भागीदार असणे आणि मूळ मालकाला न विचारता त्याच्या नावाने सही करणे, यांतील भेद आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बाबूजींच्या आजारात आम्ही भागीदार होतो. वागलो मात्र मालकासारखे.

दया कोणावर?

आम्ही त्या वेळी स्वतःची समजूत घालीत होतो, की ज्या सत्याने दुसऱ्याला पीडा होते ते बोलू नये, असेच धर्म सांगतो. सत्याणुव्रताच्या विवेचनात असा विचार खरोखरच आहे. पण जैन शास्त्रकारांनी हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे आपल्याच मनाच्या असावधतेत आणि आसक्तीत पाहिले आहे. त्या कसोटीवर आमचे मौन घासून पाहिले तर काय दिसते? बाबूजी खचतील याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की ते रडले तर त्यांच्यासमोर बसायचे कसे, त्यांनी विचारले तर उत्तर काय द्यायचे? आम्ही दया म्हणत होतो खरे, पण ती बऱ्याच अंशी स्वतःवरची दया होती.

आणखी एक गोष्ट. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात जीवनाच्या अंतिम पर्वाचे वर्णन करताना सांगितले आहे, की श्रावकाने स्नेह, वैर आणि परिग्रह सोडावेत, स्वजन-परिजनांना क्षमा करावी आणि त्यांची क्षमा मागावी. सल्लेखना हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की ज्या परंपरेत शांत, जागृत मृत्यूला एवढे मोल आहे, त्या परंपरेत माणसाला आपला अंत जवळ आल्याचे ठाऊक असणे गृहीतच धरलेले आहे. ज्याला ‘अल्सर आहे, बरे व्हाल’ असे सांगून ठेवले, त्याने वैर कधी सोडायचे आणि क्षमा कोणाकडे मागायची? बाबूजींना ते करायचे होते. आम्ही त्यांना थांबवले.

सांगण्याची कला शिकविता येते

येथे कोणी विचारील, की मग काय, डॉक्टरने खाटेजवळ उभे राहून ‘तुम्हांला कर्करोग आहे’ असे सांगून निघून जावे? मुळीच नाही. निर्दयपणे फेकलेले सत्य हेही दुर्लक्षच होय. या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे आणि ती शिकविता येते, हे गेल्या काही दशकांत वैद्यकाने ओळखले आहे.

टोरोंटो येथे काम करणारे कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. ती आज अनेक देशांत शिकविली जाते. पहिली पायरी म्हणजे जागा : एकांत असावा, डॉक्टरने बसावे, रुग्णाला हवे ते आप्त जवळ असावेत. दुसरी, रुग्णाला आतापर्यंत काय कळले आहे ते विचारावे. तिसरी, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारावे. चौथी, सोप्या शब्दांत, थोडे थोडे, थांबत थांबत सांगावे. पाचवी, त्याच्या दुःखाला, रागाला, मौनाला वेळ द्यावा. सहावी, पुढे काय करायचे ते मिळून ठरवावे, म्हणजे रुग्ण एकटा पडल्यासारखा होत नाही.

यातील तिसरी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. सत्य जाणून घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे, पण न जाणून घेणे हाही त्याचाच अधिकार आहे. कोणाला टक्केवारीसह सर्व हवे असते, तर कोणी म्हणतो, ‘माझ्या मुलाशी बोला.’ दोन्ही उत्तरे योग्यच. मात्र ते उत्तर रुग्णाच्या तोंडून आले पाहिजे. एका वस्तूच्या अनेक बाजू पाहायला शिकविणारी अनेकांताची दृष्टी आपण व्याख्यानांत ऐकतो. येथे तिचा अर्थ इतकाच, की खाटेवर पडलेल्या माणसाची बाजू आधी विचारावी.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ मध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू केला. त्यात ‘वृत्ती, नीती आणि संवाद’ या विषयाची स्वतंत्र सत्रे आहेत. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांपुढे ठेवलेले विषय पाहा : डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, आणि शवविच्छेदनाचा देह हा आपला पहिला गुरू कसा. पुढील वर्षांत संमती घेणे आणि असाध्य आजाराविषयी रुग्णाशी व कुटुंबाशी बोलणे यांचा सराव अपेक्षित आहे. परिषदेच्या जागी २०२० साली राष्ट्रीय वैद्यक आयोग आला, तरी हा भाग कायम राहिला.

दादांची मुलगी याच काळात वैद्यकीय महाविद्यालयात गेली. एकदा दिवाळीला घरी आली असता तिने एका सत्राची हकिकत सांगितली. एका विद्यार्थ्याने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने डॉक्टर, तिसऱ्याने मुलगा. मुलगा झालेला विद्यार्थी म्हणाला, “वडिलांना सांगू नका.” डॉक्टर झालेल्या आमच्या मुलीला उत्तर सुचेना. मग प्राध्यापकांनी तिला समजावले, की त्या मुलाशी वाद घालू नको. त्याला विचार, ‘सांगितले तर काय होईल असे तुम्हांला वाटते?’ त्याची भीती ऐकून घे आणि मग म्हण, ‘आपण दोघे मिळून वडिलांना विचारू या, की त्यांना किती ऐकायचे आहे.’

दादा ऐकत होते. ते काही न बोलता उठून आत गेले.

या शिक्षणात साहित्याला आणि चित्रपटालाही स्थान मिळत आहे, आणि ते करमणुकीसाठी नव्हे. टॉलस्टॉयची १८८६ साली प्रसिद्ध झालेली इव्हान इलिच याच्या मृत्यूची कथा अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत वाचून घेतली जाते. त्यातील न्यायाधीशाला वेदनेपेक्षा अधिक छळते ते भोवतीच्या माणसांचे ढोंग. तो केवळ आजारी आहे, मरत नाही, असे सारे भासवतात. फक्त गेरासिम नावाचा साधा नोकर खोटे बोलत नाही, आणि त्याच्याच सहवासात त्याला शांतता मिळते. अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’ या जपानी चित्रपटात डॉक्टर कर्करोगाच्या रुग्णाला साधा अल्सर असल्याचे सांगतात. तो खोटेपणा त्याला उमगतो आणि उरलेले महिने मुलांसाठी एक बाग उभारण्यात तो घालवितो. आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ‘आनंद’ या १९७१ सालच्या चित्रपटाचा नायक तर सर्व जाणूनच मुंबईत येतो. त्याचे हसणे अज्ञानातून आलेले नाही, म्हणूनच ते आपल्याला अजून आठवते. अशा कथांतून विद्यार्थ्याला खाटेवर पडून वर पाहिले की जग कसे दिसते ते कळते. पाठ्यपुस्तकातील आकृत्या ते शिकवू शकत नाहीत.

अभ्यासक्रमात विषय आला म्हणजे काम झाले असे नव्हे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची रांग लागलेली असताना बसून बोलायला वेळ कोठून आणायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकटे डॉक्टर देऊ शकत नाहीत. आपल्यालाही त्यात वाटा उचलावा लागेल.

आपण काय करू शकतो?

पहिले, प्रकृती चांगली असतानाच घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे, की गंभीर आजार झाला तर तुम्हांला कळलेले आवडेल का, आणि किती? हा प्रश्न अशुभ नाही. आपण मृत्युपत्र करतो, विमा उतरवतो, त्याच पंक्तीत हा प्रश्न बसतो.

दुसरे, निदान झाल्यावर व्हरांड्यात निर्णय घेऊ नये. डॉक्टरांना म्हणावे, “आम्हांला वेळ द्या. त्यांच्यासमोर बसून बोलू या.” खोटे निदान सांगण्याची विनंती करू नये. आपण ती केली की डॉक्टरचे हात बांधले जातात आणि आपलेही.

तिसरे, सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सज्ञान व्यक्तीला आगाऊ वैद्यकीय निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम साधनांनी जीव लांबवावा की नाही, हे त्यात लिहिता येते. जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी करण्यात आली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करता येतो. बाबूजींचे ते नऊ दिवस आठवले की वाटते, हा कागद तेव्हा असता तर!

चौथे, ‘उपचार थांबले म्हणजे काळजी संपली’ हा समज सोडावा. वेदना कमी करणारी आणि मनाला आधार देणारी उपशामक सेवा हे वैद्यकाचेच एक अंग आहे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. आपल्या शहरात अशी सेवा कोठे आहे, हे वेळीच विचारून ठेवावे.

पाचवी गोष्ट दानाची. आपल्या समाजाने रुग्णालयांना हात आखडून कधी दिलेले नाही. तपासणीची यंत्रे, रुग्णवाहिका, डायलिसिसची सोय यांसाठी आपण देणग्या देतो आणि त्या दिल्याच पाहिजेत. पण दार लावता येईल अशी एक लहान खोली, चार खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि रुग्ण-कुटुंबाशी बोलणाऱ्या एका प्रशिक्षित समुपदेशकाचा पगार, यासाठी देणगी देणारे मला फारसे आढळले नाहीत. यंत्राच्या मानाने हा खर्च अगदी थोडा आहे. व्हरांड्यातील तीन मिनिटांची जागा ती खोली घेऊ शकेल.

बाईची खोली

तीन वर्षांपूर्वी बाईचे हृदय दुबळे झाल्याचे निदान झाले. औषधांनी काही काळ निघेल, पण बरे होणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. पुन्हा तोच प्रसंग, तेच आम्ही दोघे भाऊ. या वेळी दादांची मुलगी पुढे झाली. डॉक्टरांना म्हणाली, “आजीला विचारू या का, तिला काय ऐकायचे आहे?”

डॉक्टर बाईजवळ खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजाराचे नाव-गाव मला नको. माझ्याजवळ किती वेळ आहे आणि तो घरी काढता येईल का, एवढेच सांगा.”

डॉक्टरांनी खरे ते सांगितले. बाई रडली. आम्हीही रडलो. आम्ही घाबरलो होतो तसे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. पुढच्या सात महिन्यांत तिने आपल्या बांगड्या सुनांना आणि नातींना आपल्या हाताने वाटल्या, माहेरच्या गावच्या मंदिरात एकदा जाऊन आली आणि शेवटपर्यंत ओसरीलगतच्या आपल्या खोलीत राहिली.

काकाजी त्या सात महिन्यांत दर रविवारी येत. वय झालेले, काठी टेकीत येत आणि बाईच्या खाटेशेजारी बसत. फारसे बोलत नसत. एकदा जाताना दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “या वेळी कळवलेस, बरे केलेस.”